मिठाची वाटी



गेल्या उपवासकाळात आमच्या घरी घडलेली एक गोष्ट आज तुम्हांला सांगत आहोत. गोष्ट साधीच आहे, बटाट्याच्या काचऱ्यांची. काचऱ्या कुरकुरीत कशा कराव्यात हेही शेवटी लिहिले आहे, कारण सभेनंतर अनेक भगिनींनी ते विचारले. पण आधी साक्ष. खरे तर साक्षीपेक्षा तिला कबुली म्हणणेच योग्य होईल.

आम्ही म्हणजे पती-पत्नी. हैदराबादेत आमच्या मंडळीत भोजनव्यवस्थेची सेवा बरीच वर्षे करतो. मंडळीत तेलुगू कुटुंबे जास्त आहेत. मराठी बोलणारी घरे मोजकी, कुणाचे मूळ जालन्याचे, कुणाचे नांदेडचे, कुणाचे औरंगाबादचे. हा सारा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपल्या लोकांचे इकडे येणे-जाणे जुनेच आहे. आमच्या आई जालन्याच्या. लग्न होऊन मीटर गेजच्या गाडीने त्या काचिगुड्याला उतरल्या आणि इथल्याच झाल्या. आता त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. आम्ही दोघेही त्यांना आईच म्हणतो, त्यामुळे त्या नेमक्या कोणाच्या आई हे सांगत बसत नाही.

लेंटमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा असते आणि नंतर साधे जेवण. मटण नाही, गोड नाही. भात, खट्टी दाल आणि सोबत एखादी भाजी. दर शुक्रवारी एक कुटुंब जेवण करून आणते, आणि त्या दिवशी घरोघरी जो खर्च वाचतो तो पाकिटात घालून दानपेटीत टाकायचा. तो पैसा गरजू कुटुंबांच्या औषधपाण्याला जातो. तिसऱ्या शुक्रवारी आमची पाळी होती. साधारण साठ माणसे. आम्ही ठरवले, दालीसोबत बटाट्याच्या काचऱ्या करू. इथे तेलुगू घरांतून बटाट्याचा वेपुडु करतात, तोही कुरकुरीतच असतो. पण आपल्या काचऱ्या कशा असतात ते एकदा सगळ्यांना कळू दे, असे आमच्या मनात होते. उपवासकाळाच्या साध्या जेवणात आम्ही वाहवा मिळवायला निघालो होतो. चुकीची सुरुवात तिथेच झाली.

मोंडा मार्केटमधून सहा किलो बटाटे आणले. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात नवा बटाटा येतो, अंगठ्याने घासले तरी साल निघते असा. दिसायला सुंदर, म्हणून तोच घेतला. कामावरून येऊन चिरायला बसलो तेव्हा चार वाजून गेले होते. सभा साडेसहाची. घाईघाईत चाकूने जाड-बारीक कशाही फोडी केल्या, एकदा पाण्यातून काढल्या, तशाच ओल्या मोठ्या कढईत ओतल्या, लवकर शिजाव्यात म्हणून वर मीठ घातले आणि झाकण ठेवले.

पंधरा मिनिटांनी झाकण काढले तर कढईत काचऱ्या नव्हत्या. खाली पाणी, वर लगदा. त्यात मीठ इतके की जिभेला टोचत होते. तेव्हा लक्षात आले की मधल्या वेळात आई आत आल्या होत्या आणि त्यांनीही मीठ घातले होते. आईंना हल्ली विसरायला होते. चहात साखर दोनदा पडते, कधी पडतच नाही. त्या दिवशी त्यांना वाटले असावे की मीठ राहिले आहे, मुले घाईत आहेत, आपण मदत करावी.

आणि आमच्या तोंडून शब्द गेले. ते दोघांपैकी कोणाचे होते हे इथे लिहीत नाही, कारण एकाने उच्चारले तेव्हा दुसरा शेजारी उभा होता आणि त्याने अडवले नाही. म्हणून ते शब्द आम्हा दोघांचे. "तुमच्याच्यानं आता होत नाही. तुम्ही बाहेर बसा." आवाजही चढलेला होता.

आई काही बोलल्या नाहीत. हात पदराला पुसला आणि बाहेर जाऊन बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या संध्याकाळी सभेलाही आल्या नाहीत. आम्ही त्या लगद्यात आणखी दोन किलो बटाटे उकडून कुस्करले, लिंबू पिळले आणि तसेच नेले. सभेत क्षमेवर प्रार्थना झाली. आम्ही दोघांनी मान खाली घालून आमेन म्हटले. कोणी भाजीला नावे ठेवली नाहीत. लोकांनी दाल-भात थोडा जास्त घेतला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात दिवा लागला नाही. आमच्या घरी पहिला चहा आईंचा, ही इतक्या वर्षांची रीत. त्या दिवशी त्या अंथरुणावर जाग्या होत्या, पण उठल्या नाहीत. आम्ही जाऊन म्हटले, "आई, काल चुकलं आमचं. माफ करा." त्या म्हणाल्या, "असू द्या रे. माझंच चुकलं." झाली क्षमा, असे आम्हांला वाटले. पण आई स्वयंपाकघरात आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. हाक मारली की जेवायला यायच्या, ताट धुऊन ठेवायच्या आणि खिडकीपाशी जाऊन बसायच्या. एकदा शेजारच्या अक्का आल्या होत्या. त्यांनी सहज विचारले की आजकाल तुमच्या हातचे काही खायला मिळत नाही. तेव्हा आई हसून म्हणाल्या, "माझ्याच्यानं आता होत नाही."

आमचेच शब्द होते ते. आम्ही रागात एकदा बोललो होतो आणि आईंनी ते स्वतःबद्दलचे सत्य म्हणून घेतले होते.

या अक्का तेलुगू मंडळीच्या सभासद आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारले की तुमचा बटाटा कोरडा आणि कुरकुरीत कसा होतो. त्या आमच्याशी इथल्या दख्खनी बोलीतच बोलतात. म्हणाल्या, "नमक पैले डाले तो पानी छूटता ना. आखिर में डालो. और घडी घडी हलाओ नक्को." हे 'नक्को' आपल्याच 'नको'वरून आलेले, म्हणून ऐकायला फार गोड वाटते. मग त्यांनी सगळे उलगडून सांगितले. नवा बटाटा नको, जुना घ्या. चिरून पाण्यात ठेवा, म्हणजे वरचा पिठूळपणा धुऊन जातो. फडक्यावर कोरडा करा. झाकण ठेवू नका. कढईत गर्दी करू नका. बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणीच असते. ते बाहेर पडून वाफ होऊन गेल्याशिवाय फोडीला कुरकुरीतपणा येत नाही. झाकण ठेवले, गर्दी केली की वाफ आतच अडकते आणि बटाटा तळला न जाता शिजतो. मीठ आधी घातले की ते आतले पाणी ओढून बाहेर काढते.

घरी आल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. त्या शुक्रवारच्या भाजीचा लगदा कोणी केला होता? नवा बटाटा आम्ही आणला, ओला आम्ही टाकला, गर्दी आम्ही केली, झाकण आम्ही ठेवले. मीठ दोनदा पडले हे खरे, पण चुकीच्या वेळी पहिले मीठ घालणारे आम्हीच होतो. आईंचा वाटा होता तो फक्त खारटपणात, आणि तोही अर्धा. सगळा दोष मात्र आम्ही त्यांच्या पदरात घातला होता, कारण त्या उलट बोलणार नव्हत्या.

उत्तम शुक्रवार झाला, पुनरुत्थानाचा सण झाला. त्यानंतरच्या रविवारी शास्त्रपाठ योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातून होता. हा अध्याय आपण अनेकदा वाचला आहे. रात्रभर जाळी टाकून शिष्यांच्या हाती काही लागले नाही. पहाटे प्रभू किनाऱ्यावर उभा होता. ते उतरून आले तेव्हा कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली आणि जवळ भाकर. पाळकसाहेबांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एक हा. दुसरा अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभा राहून पेत्राने प्रभूला ओळखत नसल्याचे सांगितले. ज्या धगीपाशी पेत्र पडला, तशाच धगीपाशी प्रभूने त्याला जेवायला बोलावले.

आम्ही घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला, आणि दोन गोष्टी आम्हांला दिसल्या ज्या आजवर दिसल्या नव्हत्या. पहिली दहाव्या वचनात आहे. विस्तवावर मासळी तयार असतानाही प्रभू शिष्यांना म्हणतो की तुम्ही आता धरलेल्या माशांतलेही काही आणा. त्याला कमी पडत होते म्हणून नव्हे. त्याला त्यांच्या हातचे हवे होते. दुसरी गोष्ट जेवणानंतरची. प्रभू पेत्राला त्या रात्रीची आठवण काढून दोष देत नाही. प्रीतीबद्दल तीन वेळा विचारतो आणि तिन्ही वेळा काम सोपवतो, आपली मेंढरे सांभाळण्याचे. पेत्राला क्षमा मिळाली ती अशी. त्याला बाजूला बसवून 'जाऊ दे, झाले ते झाले' असे म्हटले गेले नाही. त्याचे काम त्याला परत मिळाले.

आम्ही आईंची माफी मागितली होती, पण त्यांचे काम परत दिले नव्हते. आणि इथे तर चूक करणारे आम्ही होतो. उलट त्यांच्या न येण्याने स्वयंपाकघरात सोय झाली, असेही मनात कुठेतरी वाटत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते लिहावे.

आपल्यापैकी बहुतेकांनी मेदकचे कॅथीड्रल पाहिले असेल. हैदराबादहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. रेव्ह. चार्ल्स वॉकर पॉसनेट यांनी ते बांधवले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. दुष्काळाच्या दिवसांत उपाशी लोकांना त्या बांधकामावर काम मिळाले आणि कामाबरोबर अन्न मिळाले, ही गोष्ट इकडची मुले संडे स्कूलमध्येच ऐकतात. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीचा अर्थ आम्हांला आता थोडा कळला. भुकेल्याला अन्न द्यावेच. पण त्याच्या हातांना काही करता येते यावर कोणीतरी विश्वास ठेवावा, ही त्याची दुसरी भूक असते. आईंना आम्ही तीन वेळा ताट वाढत होतो, आणि ही दुसरी भूक मात्र तशीच ठेवत होतो.

त्या शनिवारी आम्ही अर्धा किलो जुने बटाटे आणले आणि आईंना म्हटले, "आई, आमच्या चाकूनं जाड होतात. तुम्ही विळीवर चिरून द्याल का?" हे आम्ही समजूत काढायला म्हटले नव्हते. खरोखरच आमच्या जाड होतात. आई थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, विळी पुसून घेतली, पदर खोचला आणि पाटावर बसल्या. बटाट्याच्या एकसारख्या पातळ चकत्या पडू लागल्या. त्यांच्या डोक्यातून बरेच काही निसटते आहे, पण हातांतून अजून काही निसटलेले नाही.

राहिला प्रश्न मिठाचा. खरे सांगायचे तर मिठाची बरणी त्यांच्या हातात द्यायला आम्ही कचरत होतो. पण मीठच तर त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडून काढून घेतले होते. मग अर्ध्या किलोला लागते तेवढे, पाऊण चमचा मीठ एका छोट्या स्टीलच्या वाटीत काढून आईंच्या हाती दिले आणि म्हटले, "आई, मीठ तुम्ही घालायचं, अगदी शेवटी. वाटी रिकामी झाली की समजायचं, पडलं."

आईंनी वाटीकडे पाहिले, मग आमच्याकडे. आम्हांला वाटले, पुन्हा दुखावले. पण त्या हसल्या. "म्हणजे मोजून दिलंत होय मला!" मग हळूच म्हणाल्या, "बरं केलंत. मलाच कळत नाही हल्ली, घातलं का नाही ते. रात्री झोप लागत नाही या विचारानं."

आपल्याला विसरायला होते हे आईंना ठाऊक होते. आम्ही समजत होतो की त्यांना पत्ता नाही, आणि त्या एकट्याच अंधारात पडून त्याची भीती सोसत होत्या. ते सांगायला त्यांना जागा मिळाली ती त्या वाटीमुळे. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू आहे. वयाचा भाग आहे, सगळे पूर्वीसारखे होईलच असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. कधी कधी रिकामी वाटी घेऊन आई पुन्हा बरणीकडे निघतात. तेव्हा आमच्यापैकी जो जवळ असेल तो म्हणतो, "आई, वाटी रिकामी आहे." त्या वाटीत बघतात आणि ती पालथी घालून ठेवतात. कधी आमचाही धीर सुटतो. मग पुन्हा माफी मागतो, पण आता माफीबरोबर विळीही पुढे करतो.

पेंटेकॉस्टच्या रविवारी प्रीतिभोजन होते. आम्ही पुन्हा काचऱ्यांचे नाव दिले. या वेळी घरून करून नेल्या नाहीत, कारण डब्यात बंद केल्या की कुरकुरीत राहत नाहीत. मंडळीच्या सभागृहामागे दोन मोठे लोखंडी तवे मांडले आणि थोड्या थोड्या करून काढल्या. आई खुर्चीवर शेजारी बसल्या होत्या. प्रत्येक घाणा उतरायच्या वेळी त्यांच्या हातात एक वाटी. लहान मुले रांगेत उभी राहून विचारत होती, "अज्जी, मीठ पडलं का?" आणि आई वाटी पालथी करून दाखवत होत्या. शेवटचे दोन घाणे घाईत थोडे मऊच राहिले. तेही संपले.

आता कृती. चार माणसांना अर्धा किलो जुना बटाटा घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवलेला घेऊ नये. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना तो कच्चा असतानाच काळा पडतो. हिरवट झालेला भागही काढून टाकावा. साल काढून उभे दोन भाग करावेत आणि पातळ, एकसारख्या अर्धगोल काचऱ्या कराव्यात. गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवून पाणी दोनदा बदलावे. चाळणीत निथळून पंच्यावर पसरून नीट कोरड्या कराव्यात. लोखंडी कढईत किंवा तव्यावर तीन मोठे चमचे तेल तापवावे, अर्धे पहिल्या घाण्याला, अर्धे दुसऱ्याला. मोहरी, थोडी हळद आणि काचऱ्या एका थरात पसराव्यात. आच मध्यम, झाकण नाही. चार-पाच मिनिटे हात लावू नये. खालून सोनेरी झाल्या की उलथण्याने परताव्यात. दोन्ही बाजू झाल्या की दोन्ही घाणे एकत्र करून कढीपत्ता, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, एक चमचा लाल तिखट आणि अक्कांनी सांगितल्याप्रमाणे एक चमचा तांदळाचे पीठ भुरभुरावे. दोन मिनिटे परतावे. मीठ सर्वांत शेवटी. खट्टी दाल आणि गरम भातासोबत वाढावे.

आणि मीठ घालायचे काम घरातल्या कोणत्या तरी अशा माणसाला द्यावे, ज्याला आपण 'तुमच्याच्यानं होत नाही' असे कधी तोंडाने, कधी नजरेने सांगितले आहे. पर्वतावरील प्रवचनात प्रभूने आपल्या लोकांना मिठाची उपमा दिली. आपल्या घरातले मीठ आपणच उचलून बाहेर बसवलेले नाही ना, हे एकदा पाहू या.

प्रार्थना करू या. हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. रागात आमच्या तोंडून गेलेल्या शब्दांची आम्हांला क्षमा कर. ज्यांना आम्ही बाजूला बसवले त्यांना पुन्हा हाक मारण्याची नम्रता दे, आणि त्यांच्यासाठी काम सोपे करून देण्याची सुबुद्धी दे. ज्यांची स्मृती हरवत चालली आहे त्यांना रात्री शांत झोप दे, आणि तू त्यांना विसरलेला नाहीस हे त्यांना आमच्या वागण्यातून कळू दे. पेत्राला जेवू घालून काम सोपवणाऱ्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.